ओळंब्याच्या हातचा घास

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला माझ्या बायकोने माझ्याकडे अगदी साधी गोष्ट मागितली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. तिने दागिना मागितला असता तर मी ‘बघू’ म्हणालो असतो. प्रवास मागितला असता तर ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणालो असतो. या दोन्ही उत्तरांचा माझा रियाज चांगला आहे. पण ती म्हणाली, “मला काही नको. त्या दिवशी फक्त माझ्यासमोर बसून जेवा.”

आता कुणी म्हणेल, यात मागायचं काय? नवरा-बायको समोरासमोर बसूनच जेवतात. जेवत असतील. आमच्याकडे गेलं वर्षभर मी एकटा जेवत होतो. ती आधी जेवून घ्यायची, आणि बाहेरच्या खोलीत गेली की मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, सगळं एका खोल वाडग्यात कालवून, वाडगा हनुवटीला लावून उरकून टाकायचो. रोज ती विचारायची, “तुमचं वाढू?” आणि रोज मी म्हणायचो, “झाकून ठेव.” कारण माझा उजवा हात.

या हाताविषयी थोडं सांगायला हवं, कारण तो साधासुधा हात नाही. मी भूमापन कार्यालयात नकाशे काढतो. हल्ली नकाशे यंत्रं काढतात आणि मी त्यांच्याकडे तुच्छतेने बघतो, पण एके काळी आमच्या कार्यालयात पट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा माणूस एकच होता. गवंडी भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. कार्यालयात मला सगळे ओळंबा म्हणायचे. साहेब आले, साहेब गेले, ओळंबा जागच्या जागी. आणि गेल्या वर्षी एका सकाळी चहाचा कप उचलला तर हा ओळंबा डुलायला लागला.

डॉक्टर मोठे आनंदी गृहस्थ होते. “काळजीचं काही कारण नाही,” ते म्हणाले. “हा नुसता कंप आहे. जिवाला धोका नाही. आता तो जाणारही नाही. एवढं लक्षात ठेवा, कुणी बघतंय असं वाटलं की तो वाढणार.” त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कंप थोडा कमी व्हायचा, आणि बघणाऱ्यांनी तेवढाच वाढायचा. मग मी बघणारेच कमी करायचं ठरवलं.

माणूस एकदा लपवायला लागला की त्याला काय काय सुचतं! हात खिशात घालून बोलायची मला सवय लागली, त्यामुळे कार्यालयात मी फार विचारी वाटू लागलो. कुणाच्या घरी खायला दिलं की मी पोटाची तक्रार सांगायचो, त्यामुळे सगळ्या इमारतीला माझ्या पोटाची खडान्‌खडा माहिती झाली. सही करायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला असायचा. एवढं करून मला वाटत होतं की हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे, मला आणि डॉक्टरांना. बायको घरातलीच, म्हणून तिला मी मोजत नव्हतो.

तर तिने हे मागितलं. शहाण्या माणसाने त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दुसरी खुर्ची ओढली असती आणि विषय मिटला असता. पण मला वाटलं, तीस वर्षांचा संसार, आणि त्याचा सोहळा भिंतीकडे तोंड केलेल्या टेबलावर करायचा? शोभेल का ते? शिवाय घरी बसलो तर ती माझ्या हाताकडे बघणार. बाहेर बघायला चार गोष्टी असतात. म्हणून मी जाहीर केलं, “आपण बाहेर जेवू. मी सगळं बघतो.”

ती म्हणाली, “घरीच बसलो असतो की.”

“घरी काय, कुणीही जेवतं,” मी म्हणालो. नमनाला एवढं तेल घातल्यावर माघार कशी घेणार?

आता जागा शोधायची. माझ्या दोनच अटी होत्या. तिथे ओळखीचं काळं कुत्रं येता कामा नये, आणि तिथे चमचा असता कामा नये. चमचा ही वस्तू माझ्या हातात आल्यावर नुसती थरथरत नाही, ती बोलते. बशीवर वाजते, दातांवर वाजते, चार टेबलं पलीकडच्या माणसाला कळवते. त्यातून काटा आणि सुरी दोन्ही असतील तर बँडच. मी महिनाभर हॉटेलांच्या दारांवरून फिरलो आणि काचेतून लोक कशाने जेवतात ते पाहत राहिलो. दोन ठिकाणी मला पुढे जायला सांगितलं. हाताने जेवायच्या खानावळी होत्या, पण तिथे आमचं सगळं कार्यालय जेवायला.

शेवटी माझ्याच टेबलावर उत्तर सापडलं. एका जुन्या रस्त्याचा नकाशा दुरुस्तीला आला होता. आमचा मोजणीदार प्रत्येक इमारतीत काय आहे ते बाजूला टिपून आणतो. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘खाली लाँड्री. वर इथिओपियन भोजनगृह.’

मी मोजणीदाराला गाठलं. “हे वर काय आहे रे? कसं जेवतात तिथे?”

“हाताने जेवतात, साहेब. एक मोठं ताट, सगळे त्यातच. मी जेवून आलोय. झकास असतं.”

“आणि गर्दी?”

“दुपारी तर कुणीच नसतं.”

मी त्याला मिठीच मारणार होतो, पण त्यासाठी खिशातून हात काढावा लागला असता.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला. एका बाईंनी उचलला. आमची भाषा त्या सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत होत्या. त्याच मालकीणबाई.

“दोघांसाठी टेबल हवं. दुपारचं,” मी म्हणालो. “आणि एक विचारायचं होतं. तुमच्याकडे चमचे असतात का?”

“असतात, साहेब. पाहुण्यांना हवे असतील तर देतो आम्ही.”

“नकोत!” मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरचा शिपाई दचकला. “चमचा नको, काटा नको, सुरी नको. टेबलावर दिसताच कामा नयेत.”

मग त्यांचा आवाज एकदम बदलला. “साहेब, आपण आमच्या देशात राहिला होता का?”

“तसं नाही. पण जे जेवण जसं जेवायचं, तसंच जेवलं पाहिजे. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“असं बोलणारं इथे कुणी भेटलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “काही खास प्रसंग आहे का?”

“लग्नाचा वाढदिवस.”

“मग मी स्वतः वाढणार.”

फोन ठेवल्यावर मला स्वतःविषयी फार बरं वाटलं. खोटं न बोलता लपवालपवी करता येते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पुढे याची किंमत मोजावी लागणार आहे, हे मात्र आलं नव्हतं.

अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. आमच्या हेडक्लार्कबाईंनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. “कारण लिहा.”

“वैयक्तिक.”

“वैयक्तिक हे कारण आता बंद झालंय. आजार, अपघात, घरातील मृत्यू, यांपैकी एक निवडा.”

“लग्नाचा वाढदिवस आहे हो माझा.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. “अपघातात घालू का?” त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मी घाला म्हणालो. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर अशा गोष्टींवर वाद घालू नये. एवढंच की दुसऱ्या दिवशी दोन सहकारी माझी विचारपूस करायला आले, कुठे लागलं म्हणून.

खरी पंचाईत इमारतीत झाली. समोरच्या फ्लॅटमध्ये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. ते इतकी वर्षं सेक्रेटरी आहेत की त्यांच्या बायकोशिवाय त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसावं. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे जीव की प्राण. आणि कंजूष. हे मी उगीच म्हणत नाही. पूर्वी त्यांच्याकडे गेलं की काठोकाठ भरलेला कप यायचा. गेल्या वर्षापासून वहिनी भल्यामोठ्या मगात अर्धाच चहा देतात. मग हत्तीचा, चहा मुंगीचा. सेक्रेटरींचा स्वतःचा कप मात्र भरलेला. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, “बघ, माणसं म्हातारपणी कशी होतात.” ती विषय बदलायची.

तर या सेक्रेटरींनी नेमक्या त्याच दुपारी पाण्याची टाकी धुवायची ठरवली. नियम असा की प्रत्येक घरात एक माणूस हजर पाहिजे, नळ उघडे ठेवून. गैरहजर राहायचं तर सेक्रेटरींना सबळ कारण सांगायचं.

मी सबळ कारण सांगितलं. दुसरा इलाज नव्हता.

“इथिओपियन?” सेक्रेटरी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. “अहो, पण त्याचा अभ्यास केलात का?”

“जेवायला अभ्यास कशाला?”

“तिथली पोळी आंबवलेली असते. तुमच्या पोटाला चालेल का ती? तुमचं पोट म्हणजे...” माझ्या पोटाचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता.

आतून वहिनी आल्या. “आणि सगळे एकाच ताटात जेवतात म्हणे. मग उष्ट्याचं काय?”

“एकाच ताटात सगळे असले की उष्टं कुणाचं, ते सिद्ध करता येत नाही,” सेक्रेटरींनी निकाल दिला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पण तुम्ही दोघंच जाणार? इतक्या लांब?”

त्यांनी ‘दोघंच’ हा शब्द असा काही उच्चारला की जणू आम्ही होडीतून समुद्र ओलांडायला निघालो होतो. मी हो म्हणालो, अर्ध्या चहाचा मग दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला.

तो दिवस उजाडला. बायकोने ठेवणीतला निळा पोशाख काढला. त्या रंगात ती मला नेहमीच जरा अनोळखी वाटते, आणि बोलताना माझी जीभ अडखळते. “बरी दिसतेस,” मी म्हणालो. तिने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. खिशातल्या हाताकडे तिने पाहिलं.

लाँड्रीच्या शेजारून अरुंद जिना वर जात होता. जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास एकमेकांत मिसळला होता. वर छोटीशी खोली, भिंतींना पिवळा रंग, खिडकीत कुंड्या. टेबलाऐवजी वेताची विणलेली गोल, उंच टोपली आणि तिच्याभोवती बुटकी स्टुलं. मी स्टुलावर बसलो तेव्हा माझे गुडघे माझ्या कानांशी बोलायला आले. पण खोलीत चिटपाखरू नव्हतं. चमचा नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला.

तो पुरता सोडून व्हायच्या आत जिन्यावर पावलं वाजली आणि ओळखीचा आवाज आला, “सांभाळून, पायरी तुटकी आहे. यांच्या सोसायटीला सेक्रेटरी नाही वाटतं.”

दारात सेक्रेटरी. मागे वहिनी, हातात फुलं.

“टाकी पुढे ढकलली,” सेक्रेटरी म्हणाले. “तुमच्यासाठी नियमात बसवलं. मग आम्हीही मोकळेच झालो. म्हटलं, पहिल्यांदाच जाताय, सोबत असावी. तुम्ही तुमचं जेवा, आम्ही तिकडे कोपऱ्यात बसतो. आहोत असं समजूच नका.”

असं म्हणून ते पलीकडच्या स्टुलावर बसले आणि थेट आमच्याकडे तोंड करून हसत राहिले. मी बायकोकडे पाहिलं. तिने ओठ दाबून धरले होते, तिला हसू आवरत नव्हतं. माझा हात खिशातल्या खिशात चाबकासारखा उडत होता.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. उंच, पांढरा शुभ्र पोशाख, चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातला उत्साह. “चमचा नको म्हणाले, ते साहेब कोण?” मी मान हलवली. त्यांनी माझ्यापुढे अशी मान लववली की सेक्रेटरी अर्धे उठून उभे राहिले.

“आणि हे?” बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “ओळखीचे?”

“शेजारी,” बायको म्हणाली.

“ओळखीचे, आणि वेगळ्या ताटात?” बाईंना हे सहनच झालं नाही. “साहेब, आपल्याला तर कळतं. ओळखीची माणसं वेगळी जेवतात का?”

मला काय कळत होतं ते मी कसं सांगणार? तत्त्वाचा माणूस मी. दोनच मिनिटांत सेक्रेटरी माझ्या डाव्या गुडघ्याला आणि वहिनी बायकोच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या, आणि मधे एकच परात आली. परातभर पसरलेली मऊ, जाळीदार पोळी आणि तिच्यावर रंगारंगाचे ढीग. लाल डाळ, पिवळी डाळ, हिरवी भाजी, बटाटे, कोबी आणि मधोमध झणझणीत लाल रस्सा. बाजूला तशाच पोळीच्या गुंडाळ्या. त्यांचा तुकडा तोडायचा आणि त्यातच भाजी पकडून तोंडात टाकायची.

सेक्रेटरींनी परात निरखली. चौघांत एक ताट, आणि नियम काहीच नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले. “तुम्ही भूमापनवाले,” ते मला म्हणाले, “हद्दी तुम्हीच ठरवा.”

“कसल्या हद्दी?”

“म्हणजे ही लाल डाळ अर्धी तुमच्याकडे आहे, अर्धी माझ्याकडे. उद्या वाद नको.”

“अहो, खा ना,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सरळ नवऱ्याच्या हद्दीतला बटाटा उचलला. सेक्रेटरी कळवळून म्हणाले, “हे अतिक्रमण आहे.” बायको खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला जेवणासमोर हसताना पाहत होतो. मी अजून सुरुवातच केली नव्हती. पोटाची तक्रार ओठांवर आलीच होती.

“थांबा, थांबा!” मालकीणबाई धावत आल्या. “पहिला घास असा नाही घ्यायचा. आज वाढदिवस आहे. आमच्याकडे गुर्शा असतो. साहेबांना ठाऊकच असणार.” मी ठाऊक असल्यासारखा चेहरा केला. “ज्याच्यावर आपला जीव, त्याला आपल्या हाताने घास भरवायचा. घास जेवढा मोठा, तेवढा जीव मोठा. साहेब, पहिला घास तुमचा. बाईंना.”

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून आचारीसुद्धा बघायला आला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकदम जमून आलं होतं.

मी हात खिशातून काढला. पोळीचा तुकडा तोडला. सुरुवात बरी झाली, कारण तोडताना हात परातीला टेकला होता. मी मधला लाल रस्सा पकडला, जरा जास्तच, कारण जीव मोठा दाखवायचा होता. मग हात वर उचलला. त्यानंतर त्या हाताचा आणि माझा काही संबंध उरला नाही. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, एकदा सेक्रेटरींच्या कानापर्यंत जाऊन आला. बायकोने तोंड उघडलं होतं. घास तिच्या ओठांना लागला, तिच्या हनुवटीवरून घसरला आणि निळ्या पोशाखाच्या गळ्यावर पडला. ठेवणीतल्या निळ्या रंगावर केवढा तरी लाल डाग.

कान लाल होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी सवयीने हात परत खिशात घातला. हाताला अजून रस्सा लागलेला होता, आणि तो कोटाच्या अस्तराला, रुमालाला आणि किल्ल्यांना लागत होता, हे मला कळत होतं. तरी मी हात बाहेर काढला नाही.

“राहू दे,” मी म्हणालो. “मला भूक नाही. पोट...”

“राहू दे कसं?” मालकीणबाईंनी दोन्ही हात हलवले. “एकच घास दिला तर भांडण होतं, असं आमच्याकडे म्हणतात. दुसरा दिला की प्रेम. एकावर कधी थांबायचं नाही.”

बायकोने रुमालाने हनुवटी पुसली. डागाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. “काढा हात बाहेर,” ती म्हणाली. “खिसा पुरता भरला असेल आता.”

“अगं, तो हलतोय.” हे मी तिला पहिल्यांदाच म्हणत होतो. तेही सेक्रेटरींसमोर.

“मला दिसतंय. वर्षभर दिसतंय.”

“पुन्हा सांडेल.”

“सांडू दे. आज मला भांडायचं नाहीये.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही त्याला थांबवू नका. येऊ दे तसाच.”

मी दुसरा घास घेतला. छोटा घेतला, तर ती म्हणाली, “एवढाच का जीव?” मग मोठा घेतला. हात निघाला आणि लागला झुलायला. आणि त्याच्याबरोबर ती झुलायला लागली. हात डावीकडे गेला की तिची मान डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. ओठ उघडे, डोळे माझ्या बोटांवर. वर्षभर मी माझा हात स्थिर करायचा प्रयत्न करत होतो, आणि तिने मान हलवून प्रश्नच सोडवून टाकला. ओळंबासुद्धा आधी डुलतो आणि मग थांबतो. माझा हात तिच्या तोंडाशी येऊन थांबला. घास आत गेला. घासाबरोबर माझं बोटही चावलं गेलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तिखट आहे हो,” ती म्हणाली.

मी अजून काहीच खाल्लं नव्हतं, तरी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला रडू आलं, असं सरळ सांगतो. मग तिने माझ्यासाठी घास केला. तिचा हात अगदी स्थिर, आणि घास एवढा मोठा की मला काही बोलता येईना. बरंच झालं ते. मालकीणबाई टाळ्या वाजवत होत्या आणि आचारी नाक पुसत आत गेला.

सेक्रेटरी घसा खाकरले. कुठलीही गोष्ट सोसायटीतल्या एकाने केली की ती सगळ्यांना लागू होते, असं त्यांचं मत आहे. त्यांनी घास बनवला आणि वहिनींच्या नाकावर दिला.

“अहो, तोंड खाली आहे!” वहिनी म्हणाल्या. “इतक्या वर्षांत एवढं तरी कळायला हवं होतं.”

म्हणजे हात स्थिर असून भागत नाही. मला फार बरं वाटलं.

मग आम्ही जेवलो. मी खिशातून हात काढून, चौघांमध्ये बसून, सगळ्यांच्या हद्दीत हात घालून जेवलो. सांडलं. वहिनींचंही सांडत होतं, सेक्रेटरींच्या मिशीत कोबी होता. परातीतली खालची पोळी सगळ्यांचे रस्से पिऊन इतकी चविष्ट झाली होती की तिच्यावरून सेक्रेटरी आणि मी भांडलो.

शेवटी कॉफी आली. मालकीणबाईंनी दाणे आमच्यासमोरच भाजले होते. बिनकानाचे लहानलहान कप मांडून त्या उंचावरून बारीक धार धरून भरू लागल्या, अगदी काठोकाठ. माझ्या कपाशी आल्या, तशा वहिनी पुढे झुकून हळूच म्हणाल्या, “यांना अर्धाच द्या.”

हळूच म्हणाल्या, पण मी ऐकलं. आणि तो भलामोठा मग आणि त्यातला अर्धा चहा माझ्या डोळ्यांसमोर आला. वर्षभर दर रविवारी मिळणारा. मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते खिडकीतल्या कुंड्या फार लक्ष देऊन बघत होते. मी बायकोकडे पाहिलं. ती मला म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तिकडे जायचंच सोडलं असतं.”

म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. लपवणारा मी, आणि आपल्याला ते कळलंय हे माझ्यापासून लपवणारे हे तिघे. मला राग यायला हवा होता. अपमान ओळखायला मी तसा तरबेज आहे. पण तो काही येईना.

“भरून द्या,” मी मालकीणबाईंना म्हणालो.

“अहो...” वहिनी म्हणाल्या.

“भरूनच द्या. काठोकाठ.”

त्यांनी भरला. मी कप उचलला, तोही एका हाताने. तो तोंडापर्यंत पोचेपर्यंत कॉफी बशीत गेली, टोपलीत गेली, थोडी सेक्रेटरींच्या पँटवर गेली. सगळे श्वास रोखून बघत होते, आणि मी बघू दिलं. कप ओठांना लागला. कडक, सुवासिक, आणि गरम. एक घोट घेऊन मी कप खाली ठेवला.

सेक्रेटरींनी मान लांब करून कपात डोकावून पाहिलं. “अर्धा आहे की अजून,” ते म्हणाले. “आमच्याकडे एवढाच मिळतो.”

आधी मालकीणबाई हसल्या, त्यांना काही कळलं नसतानाही. मग आम्ही सगळे इतके हसलो की खालचा लाँड्रीवाला जिन्यात येऊन वर बघायला लागला. बायकोचा निळा पोशाख आम्ही जाता जाता त्याच्याकडे धुवायला टाकायचं ठरवलं, पण तो तिच्या अंगावर होता. वहिनींनी आपली शाल तिच्या गळ्याभोवती गुंडाळली. डाग काही निघणार नाही, असं लाँड्रीवाल्याने त्याआधी नुसतं पाहूनच सांगितलं होतं. बायको म्हणाली, “राहू दे. काढायचाच नाहीये.”

घरी परतताना बसमध्ये सेक्रेटरी आणि वहिनी पुढच्या बाकावर पेंगत होते. बायको खिडकीशी बसली होती. माझा हात माझ्या मांडीवर होता, खिशात नाही, आणि आपल्या मनाने हलत होता. तिने त्यावर आपला हात ठेवला. त्याला थांबवायला नव्हे, नुसताच. मग दोन्ही हात मिळून हलत राहिले.

“एवढं जेवल्यावर संध्याकाळी काही खाल का?” तिने विचारलं.

“खाईन थोडं.”

“मग तुमचं झाकून ठेवू?”

“नको,” मी म्हणालो. “तुझ्याबरोबरच वाढ. समोर.”